भट्टींतील साखर आणि जिभेची ओढ

दिवाळीला चार दिवस उरले, म्हणजे शहरांतल्या जुन्या बेकऱ्यांपुढें एक वेगळीच गर्दी दिसूं लागते. घरून मैदा, तूप व पिठीसाखर घेऊन आलेलीं माणसें आपल्या पाळीची वाट पाहत उभीं असतात. आंत लोखंडी पत्र्यांवर नानकटाईच्या गोळ्यांच्या रांगा लागतात. आणि भट्टीचें तोंड उघडलें कीं वेलदोड्याचा व तुपाचा वास थेट रस्त्यापर्यंत येतो. घरोघरीं विजेच्या लहान भट्ट्या आल्यापासून ही गर्दी पुष्कळ ओसरली आहे, तरी कांहीं ठिकाणीं ती प्रथा अद्याप टिकून आहे.

अशा दिवाळीच्या तोंडावर एक घर डोळ्यांसमोर आणावें. घरांतल्या आजींना मधुमेह असल्याचें नुकतेंच कळलें आहे. सून नानकटाई करावयास बसते ती मनाशीं एक निश्चय करून, कीं यंदा साखर अजिबात घालावयाची नाहीं. "आई, यंदा तुम्हांलाही खातां येईल," असें ती सासूबाईंना मोठ्या हौसेनें सांगते. पत्रा भट्टींतून बाहेर येतो तो पांढराफटक. गोळे पसरलेले नाहींत, त्यांच्या पाठीवर भेगा नाहींत. हात लावतांच त्यांचा भुगा होतो. नातू एक तुकडा तोंडांत टाकतो आणि उरलेला हळूच बशींत ठेवून देतो. आजी मात्र सुनेचें मन मोडूं नये म्हणून चार खातात. त्यांत साखर नाहीं, असें त्यांना सांगितलेलेंच असतें. दोन तासांनीं यंत्रावर रक्तांतील साखर पाहावी, तों ती वाढलेली! "सूनबाई, साखर घातली नव्हतीस ना ग?" आजींच्या या प्रश्नाला त्या घरीं कोणापाशींच उत्तर नसतें.

येथें पदार्थ बिघडला, आणि ज्या हेतूनें तो बिघडूं दिला तो हेतुही साधला नाहीं. दोन्हींचें मूळ एकच आहे. साखर म्हणजे केवळ गोडी, असें त्या घरानें गृहीत धरलें होतें. वस्तुतः भट्टींत साखर अनेक कामें करते. आणि खाणाराच्या शरीरांत व मनांतही गोड पदार्थ अनेक कामें करीत असतो. घरांतल्या कर्त्या माणसाला एकाएकीं रजा दिली आणि त्याचीं कामें कोणीं करावयाचीं हें ठरविलें नाहीं, तर जो गोंधळ व्हावयाचा तोच येथें होतो. म्हणून साखर कमी करण्यापूर्वीं तिच्या कामांची यादी करणें हें शहाणपणाचें होय.

पहिलें काम हवेचें. तूप आणि पिठीसाखर तळहातानें फेसतांना साखरेचे कण तुपांत हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडून ठेवतात. भट्टीच्या उष्णतेनें ही हवा प्रसरण पावते आणि नानकटाई हलकी होते. दुसरें काम पसरण्याचें व बांधण्याचें. उष्णतेनें साखर विरघळूं लागली कीं गोळा सैल पडून पसरतो आणि त्याच्या पाठीवर भेगा उमटतात. पुढें निवतांना तीच साखर घट्ट होऊन पिठाचे कण एकमेकांस धरून ठेवते. नानकटाई भट्टींतून काढतांना मऊ असते आणि निवल्यावर खुसखुशीत होते, ती यामुळेंच. तिसरें काम रंगाचें व वासाचें. शर्करा आणि प्रथिनांचे घटक यांचा उष्णतेंत संयोग होऊन तपकिरी रंग व भाजल्याचा खमंगपणा उत्पन्न होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यानें १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें, आणि ती आजही त्याच्याच नांवानें ओळखली जाते.

चौथें काम ओलाव्याचें. तें केकमध्यें विशेष दिसून येतें. मैद्यांतील प्रथिनांना पाणी मिळालें कीं त्यांचें ग्लूटेन नांवाचें चिवट जाळें बनतें. साखर त्या पाण्यांत वांटेकरी होते, म्हणून जाळें बेतानेंच बनतें आणि केक मऊ राहतो. पिठांतील पिष्ट शिजून घट्ट होण्यासही ती थोडा उशीर लावते, त्यामुळें केकला फुगावयास अवसर मिळतो. पांचवें काम टिकविण्याचें. बुरशीला वाढण्यासाठीं जें पाणी लागतें तें साखर अडकवून ठेवते. म्हणून गोड बिस्किटें व केक बरेच दिवस राहतात.

पावाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याला फुगविणाऱ्या यीस्टला लागणारी शर्करा पिठांतल्या पिष्टापासूनच तयार होते. म्हणून गोव्यांतील पोदेराची कोंड्याची पोय किंवा साधा पाव साखरेवांचूनही उत्तम फुगूं शकतो. ज्यांना भट्टींतल्या पदार्थांची हौस आहे पण साखर नको आहे, त्यांनीं केकपेक्षां पावापासून आरंभ करणें अधिक सोयीचें.

आतां आजींच्या रक्तांतील साखर कां वाढली, हें पाहण्यासाठीं एका नानकटाईचा हिशेब मांडावा. ५०० ग्रॅम मैदा, २५० ग्रॅम तूप आणि २५० ग्रॅम पिठीसाखर असें घरगुती प्रमाण धरलें आणि त्यांच्या ४० नानकटाया केल्या, तर प्रत्येकींत साडेबारा ग्रॅम मैदा, सव्वासहा ग्रॅम तूप आणि सव्वासहा ग्रॅम साखर येते. साखरेचे उष्मांक २५, तुपाचे सुमारें ५५ आणि मैद्याचे सुमारें ४५, एकूण सव्वाशें. म्हणजे साखर पूर्णपणें काढली तरी शंभर उष्मांक जागचे हालत नाहींत. शिवाय मैदा हा मुख्यतः पिष्टमय, आणि पिष्टाची पचनांत द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोजच, होते. साडेबारा ग्रॅम मैद्यांत नऊ ग्रॅमांहून अधिक पिष्ट असतें. तें त्या नानकटाईंतल्या साखरेहूनही जास्त भरतें. आजींनीं चार नानकटाया खाल्ल्या तेव्हां साखर नाहीं खाल्ली, पण पन्नास ग्रॅम मैदा, म्हणजे दोन लहान पोळ्यांइतकें पीठ, जेवणाखेरीज वर खाल्लें. यंत्रानें दाखविलें तें तेंच.

उलट, साखरेचा हिशेबही कमी लेखूं नये. वरून घातलेली साखर, तसेंच मध, सरबतें व फळांचे रस यांतील शर्करा मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या एक-दशांशाहून कमी असावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं केली; आणि ती विसाव्या हिश्शाच्या खालीं आणल्यास अधिक हितकर, असेंही सुचविलें. ज्याचा आहार २,००० उष्मांकांचा आहे त्याच्यासाठीं या मर्यादा ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम अशा येतात. साखर घातलेल्या चार नानकटाया खाल्ल्या कीं २५ ग्रॅम पुरे झाले. चहांतली साखर तर अजून मोजलेलीच नाहीं. हा प्रश्न चार-दोन घरांचा उरलेला नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले; त्यांत देशांतील मधुमेही सुमारें १० कोटी १० लाख, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटी ६० लाख, असा अंदाज दिला आहे.

साखर नको म्हटलें कीं पुष्कळ घरीं गुळाची आठवण होते. गुळाची चव निराळी, वास निराळा, आणि त्यांत लोहादि खनिजें थोडीं असतात, हें खरें. पण गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो. नित्याच्या प्रमाणांत मिळणारीं खनिजें त्या साखरेची भरपाई करूं शकत नाहींत. मधांतही सुमारें चार-पंचमांश शर्कराच असते. सुकलेल्या खजुरांत वजनाच्या सुमारें दोन-तृतीयांश शर्करा असते. तिच्या जोडीला तंतु असतात एवढेंच अधिक. हे पदार्थ चवीसाठीं अवश्य वापरावे; परंतु मधुमेही माणसाच्या ताटांत ते "साखर नव्हे" म्हणून वाढणें ही मोठी फसगत होय.

कृत्रिम गोडीचे पदार्थ गोडीचें काम करतात, पण साखरेचीं इतर कामें करीत नाहींत. सुक्रालोज साखरेच्या सुमारें सहाशें पट गोड असतें. म्हणजे २५० ग्रॅम साखरेची गोडी अर्ध्या ग्रॅमहून कमी भुकटींत मावते. मग उरलेल्या पाव किलोची जागा कोणी भरावी? हवा कोणी कोंडावी, रंग कोणी आणावा? ॲस्पार्टेमची तर भट्टीच्या उष्णतेनें गोडीच नाहींशी होते. एरिथ्रिटॉलसारखे पदार्थ साखरेची जागा भरतात, पण जिभेला गार लागतात. माल्टिटॉल रक्तांतील साखर कांहीं अंशीं वाढवितें, आणि अधिक खाल्ल्यास पोट बिघडवितें. वजन आटोक्यांत ठेवण्यासाठीं कृत्रिम गोडीचे पदार्थ वापरूं नयेत, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें. ज्यांना आधींच मधुमेह आहे त्यांना मात्र ही शिफारस लागू केलेली नाहीं. तेव्हां अशा रोग्यानें आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाजारच्या पुड्यावर "शुगर-फ्री" असें छापलेलें असलें, तरी पुडा उलटून घटकांची यादी वाचावी. तेथें मैदा किंवा माल्टोडेक्स्ट्रिन आरंभींच आढळलें, तर आजींच्या त्या चार नानकटायांचें स्मरण ठेवावें.

मग करावें काय? साखर एकदम हांकलून न देतां तिचीं कामें थोडीं थोडीं इतरांना वांटून द्यावीं. वरच्या प्रमाणांत २५० ग्रॅमऐवजीं १९० ग्रॅम साखर घ्यावी. कमी झालेल्या वजनाची जागा चाळीस-पन्नास ग्रॅम खमंग भाजलेलें बेसन किंवा बदामाची भरड यांनीं भरावी. तूप व साखर नेहमींपेक्षां अधिक वेळ, अगदीं पांढरें होईपर्यंत, फेसावें. म्हणजे हवेचें काम भागतें. रंगासाठीं व गोळा बांधला जाण्यासाठीं एक-दोन चमचे दूध घालावें. दुधांत शर्करा आणि प्रथिनें दोन्ही असतात. वेलदोडा, जायफळ आणि किंचित् मीठ यांत कसूर करूं नये. गोडाबरोबर नेहमीं येणारा वास नाकाला लागला कीं जिभेला गोडी अधिक भासते. आणि चिमूटभर मिठानें कडवटपणा दबून गोडी पुढें येते. भाजतांना वरच्या रंगावर विसंबूं नये. साखर कमी असल्यानें पाठ फिकी राहते, म्हणून एक नानकटाई उलटून तळ बदामी झाला कीं पत्रा काढावा. अशा नानकटाया नेहमींइतक्या दिवस टिकणार नाहींत, हें ध्यानांत ठेवून बेताच्याच कराव्या.

गोळ्याचा आकार हा आणखी एक उपाय, आणि तो सर्वांत सोपा. त्याच पिठाच्या ४० ऐवजीं ५० नानकटाया केल्या, तर प्रत्येकींतील साखर सव्वासहा ग्रॅमवरून चार ग्रॅमच्या आंत येते, आणि मैदा व तूपही त्या मानानें कमी होतें. पुढल्या खेपेस साखर एक-तृतीयांशानें कमी करून पाहावी. निम्म्याच्या खालीं गेल्यावर मात्र तो पदार्थ नानकटाई राहत नाहीं. केकमध्यें चौथाई साखर कमी केली तर बहुतेकांच्या ध्यानींही येत नाहीं. त्याहून पुढें जावयाचें असल्यास ओलाव्यासाठीं दही, किसलेलें गाजर किंवा सफरचंद, अथवा कुसकरलेलें पिकें केळें घालावें. केळ्याची गोडीही हिशेबांत धरावी. मैद्याचा कांहीं भाग काढून त्या जागीं कणीक घेतली तर तंतु वाढतात.

येथवर भट्टीचें झालें. जिभेचें काम याहून नाजूक आहे. गोडाची ओढ हा कोणाचा स्वभावदोष नव्हे. नुकत्याच जन्मलेल्या अर्भकाच्या जिभेला गोड थेंब लावला तर त्याची मुद्रा प्रसन्न होते. आईचें दूधही गोडसरच असतें. त्यावर आपल्या समाजानें मोठी इमारत उभारली आहे. लग्न ठरलें कीं साखरपुडा, परीक्षा पास झाली कीं पेढे, संक्रांतीला तिळगूळ, आणि दारीं आलेल्याला गूळपाणी. एवढ्या मानाच्या वस्तूला एका दिवसांत शत्रु ठरवूं गेलें, तर घरांतील माणसें पथ्य पाळण्याऐवजीं चोरून खाऊं लागतात.

म्हणून ओढ लागली कीं ती कशाची, हें आधीं ओळखावें. पुष्कळ वेळां ती निव्वळ भूक असते. दुपारचें जेवण घाईनें उरकलें असेल, तर पांच वाजतां हात बिस्किटांच्या डब्याकडे जाणारच. तेथें मूठभर फुटाणे किंवा वाटीभर दही अधिक उपयोगीं पडतें. कांहीं वेळां ती जागरणाची खूण असते. शिकागो विद्यापीठांतील एका प्रयोगांत तरुणांना दोन रात्री चारच तास झोपूं दिलें, तेव्हां भूक वाढविणारें द्रव्य त्यांच्या रक्तांत वाढलें आणि गोड, खारट व पिठूळ पदार्थांची इच्छा बळावली. हे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. कांहीं वेळां ती केवळ पालटाची इच्छा असते. एकाच चवीनें जीभ लवकर कंटाळते. म्हणून भरपेट जेवणानंतरही गोडाला पोटांत जागा सांपडते. आणि कित्येकदां ती निव्वळ संवय असते: चहा आला कीं बिस्किट, दूरदर्शन संच लागला कीं मिठाई. संवयीच्या ओढीवर पंधरा मिनिटें पाय मोकळे करून येणें आणि डबा नजरेआड ठेवणें हे साधे उपाय पुष्कळांना लागू पडतात.

जिभेला वळण लागतें का? फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेंतील संशोधकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतींत बोधप्रद आहे. कांहीं माणसांनीं तीन महिने आपल्या आहारांतील साध्या शर्करेचे सुमारें ४० टक्के उष्मांक कमी केले. त्यानंतर पूर्वीं बेताचें गोड वाटणारें पुडिंगच त्यांना अधिक गोड लागूं लागलें. मात्र गोडाची आवड कमी झाली नाहीं, आणि बंधन सुटतांच तीं माणसें लवकरच पूर्वींच्या साखरेवर परत गेलीं. यावरून दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. जीभ बदलते, पण तिला आठवडे नव्हे तर महिने लागतात. आणि तें वळण रोजच्या वागण्यांत टिकलें तरच टिकतें. चहांत दोन चमच्यांची दीड, आणि महिन्याभरानें एक, असें उतरत जाणें हें एका दिवसांत बिनसाखरेच्या चहाची शपथ घेण्यापेक्षां अधिक फलदायी ठरतें.

गोड केव्हां खावें, यालाही महत्त्व आहे. मराठी पानांत पुरणपोळी किंवा शिरा जेवणाबरोबरच वाढला जातो. भाजी, कोशिंबीर, वरण हीं त्याच ताटांत असतात. रिकाम्या पोटीं खाल्लेल्या गोडापेक्षां भाज्या व डाळ यांच्या संगतीनें खाल्लेलें गोड रक्तांत सावकाश उतरतें. चहाबरोबर अवेळीं डबा उघडण्यापेक्षां पानांत एक लहानसा गोड पदार्थ वाढून घेणें म्हणूनच बरें.

एका बाबतींत मात्र हा सारा विचार बाजूला ठेवावा. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या कांहीं गोळ्या घेणाऱ्या माणसाला एकाएकीं घाम फुटला, हात कांपूं लागले, भूक कडाडली किंवा बोलण्यांत गोंधळ दिसूं लागला, तर ती गोडाची हौस नव्हे. रक्तांतील साखर घसरल्याची ती खूण असूं शकते. माणूस शुद्धीवर असून गिळूं शकत असेल, तर तात्काळ तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यांतून द्यावें, पंधरा मिनिटांनीं रक्त पुन्हां तपासावें आणि डॉक्टरांना कळवावें. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहीं न घालतां ताबडतोब वैद्यकीय मदत आणावी. ज्या घरीं असा रोगी आहे त्या घरांतून साखरेचा डबा अजिबात हद्दपार करणें धोक्याचें, तें याचसाठीं.

त्या पहिल्या घरीं हा हिशेब कोणी समजावून सांगितला, तर पुढल्या दिवाळीचें चित्र निराळें दिसेल. पत्र्यावर गोळे थोडे लहान असतील. साखर चौथाईनें कमी, बेसन थोडें जास्त, वेलदोडा भरपूर. तळ बदामी, पाठीवर बारीक भेगा. आजींच्या पानांत अर्धी पोळी कमी वाढली जाईल, आणि भाजी-वरणाबरोबर एक लहानशी नानकटाई येईल. नातू आपली हातांत धरून विचारील, "आजी, तुझी वेगळी केली आहे का?" आणि आजींना सांगतां येईल, "नाहीं रे, तुझ्याच पत्र्यावरची आहे."